छायालेखन शिकताना इतिहास, तंत्र आणि चौकट वेगवेगळी करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. जनसंवादाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला सिनेमाचे छायालेखन शिकायचे आहे. घरात फोटो काढण्याचा मामांचा ३५ मिलिमीटरचा जुना फिल्म कॅमेरा आहे आणि हातात मोबाइल आहे, पण सिनेमाचा फिल्म कॅमेरा मिळण्याची शक्यता नाही. आधी कॅमेऱ्याचा इतिहास वाचावा, तंत्र शिकावे की चौकटीची रचना शिकावी, आणि सगळे डिजिटल झालेले असताना फिल्मच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, असे त्याने विचारले आहे.

माझे मत असे आहे की, ही तीन पुस्तके तीन वेगळ्या फडताळांत ठेवली की तिन्ही कोरडी होतात. चौकटीच्या ज्या सवयींना आपण आज दृश्यभाषा म्हणतो, त्यांतल्या बहुतेक कुठल्या तरी यंत्राच्या अडचणीतून जन्माला आल्या आहेत. यंत्राला काय जमत नव्हते हे कळले की त्या काळच्या माणसाने कॅमेरा तिथेच का ठेवला हे कळते, आणि ती अडचण स्वतःवर लादून घेतली तर ते वाचण्यापेक्षा लवकर कळते. म्हणून सिनेमाला ज्या क्रमाने अडचणी आल्या, साधारण त्याच क्रमाने त्या स्वतः अनुभवाव्यात, असे मी सुचवतो. याला पैसे फारसे लागत नाहीत, चिकाटी मात्र लागते.

मामांचा कॅमेरा कमी लेखू नका. तो सिनेमाच्या कॅमेऱ्याचा सख्खा नातेवाईक आहे. ऑस्कर बार्नाक यांनी लायका कॅमेऱ्याची रचना करताना सिनेमाचीच ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ही पट्टी उभी धावते आणि एका चित्राला काठावरची चार छिद्रे लागतात. बार्नाक यांनी ती आडवी धरून एका फोटोला आठ छिद्रे दिली, त्यामुळे १८ बाय २४ मिलिमीटरचे चित्र २४ बाय ३६ झाले. तो कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि पुढच्या बहुतेक ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांनी तेच माप उचलले. आता हिशेब करून पाहा. तुमच्या रोलवरच्या ३६ फोटोंच्या लांबीत सिनेमाची ७२ चित्रे बसतात, आणि सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने ती तीन सेकंदांत संपतात. एका रोलवर महिनाभर विचार करून फोटो काढणाऱ्याला सिनेमाचा कॅमेरा किती भुकेला असतो याचा अंदाज या एका आकड्यावरून येतो. १६ मिलिमीटरची १०० फुटांची छोटी रीळ घेतली तरी त्याच गतीने २ मिनिटे ४६ सेकंदच मिळतात.

पहिला सराव ल्युमिएर बंधूंपासून सुरू करावा. त्यांच्या यंत्रात सुमारे १७ मीटर फिल्म मावत असे, ती हँडल हाताने फिरवून चालवावी लागे आणि सुमारे ५० सेकंदांत संपे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांनी पाहिलेली चित्रे याच लांबीची होती. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, तेव्हाही अडचण तीच होती. मोबाइल तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) घट्ट बसवा, एकच जागा धरा, ५० सेकंदांचा एकच शॉट घ्या, कॅमेरा हलवायचा नाही आणि मागेपुढेही व्हायचे नाही. एसटी स्टँड, पिठाची गिरणी, शाळा सुटण्याची वेळ, काहीही चालेल. एका गोष्टीचा मात्र आग्रह धरतो: शॉट सुरू होण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावर कागद चिकटवा.

कागद चिकटवायचे कारण हे की, चित्र घेत असताना भिंगातून नीट पाहण्याची सोय बहुतेक छायालेखकांना बराच काळ नव्हती. बाजूला बसवलेल्या शोधकातून (व्ह्यूफाइंडरमधून) साधारण अंदाज घ्यायचा, आणि त्यातले दृश्य भिंगाच्या दृश्याशी तंतोतंत जुळत नसे, विशेषतः माणूस जवळ असेल तेव्हा. फिरत्या आरशाचे शटर असलेला आरिफ्लेक्स ३५ हा कॅमेरा १९३७ मध्ये आला आणि त्यानंतर हळूहळू शॉट चालू असताना तीच चौकट पाहणे शक्य झाले. त्याआधीच्या माणसाला चौकट आधी डोक्यात आखावी लागे. जमिनीवर खडूने खुणा करून नटाने कुठवर यायचे, कुठे थांबायचे, कुठून बाहेर जायचे हे ठरवावे लागे. तुम्ही हे स्वतः केले की चौकटीच्या चारही कडा कुठे पडतात याचे भान येऊ लागते. नवशिक्याचे सगळे लक्ष मधल्या माणसाकडे असते. कडेला काय शिरते आणि काय तुटते, याकडे ते पडद्यावर कागद चिकटवल्याशिवाय वळत नाही.

दुसरा सराव मला सगळ्यांत जवळचा आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांनी आणले होते, कारण कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. अंधारात बसून छिद्रे पाडण्याचे ते काम सरस्वतीबाई करत. कथापट काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब कसा वाढतो याची छोटी पट्टी तयार केली. कॅमेरा एका जागी ठेवून ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यायचे, आणि पडद्यावर काही क्षणांत रोप उगवताना दाखवायचे, अशी ती युक्ती होती. ती पाहून पैसा घालायला तयार झालेला माणूस त्यांना मिळाला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

हा वाटाणा तुम्ही पुन्हा लावा. दहा मिनिटांना एक चित्र घेतले तर दिवसाची १४४ चित्रे होतात, म्हणजे पडद्यावर सहा सेकंद. आठवडाभराचे साधारण पाऊण मिनिट मिळेल. ऐकायला सोपे वाटते, पण करायला बसलात की एकेक प्रश्न समोर येतो. खिडकीतला उजेड सकाळ-संध्याकाळ बदलतो, म्हणून चित्र लुकलुकते, तेव्हा खिडकी जाड कापडाने बंद करून एकाच दिव्यावर काम करावे लागते. मोबाइल स्वतःच्या मर्जीने एक्स्पोजर (चित्राला मिळणारा प्रकाश) आणि रंग बदलतो, तेव्हा दोन्ही कुलूपबंद करावे लागतात. कुणी मेजाला धक्का लावला तर मागचे सगळे वाया जाते, म्हणून तिकाटण्याच्या पायांभोवती जमिनीवर खुणा हव्यात. खरी परीक्षा चौकटीची आहे. पहिल्या दिवशी चौकटीत माती आणि रिकामी भिंत एवढेच असते, आणि ज्याच्यासाठी चौकट बांधायची ते अजून उगवलेलेच नसते. कोंब दिव्याच्या बाजूला झुकतो, म्हणून त्या बाजूला जास्त जागा सोडावी लागते. कोंब किती उंच जाईल याचा अंदाज चुकला तर पाचव्या दिवशी तो चौकटीबाहेर निघून जातो. रिकामी जागा कुणासाठी तरी राखून ठेवलेली असते, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृत्या काढून समजावण्यापेक्षा वाटाण्याकडूनच शिकू देतो.

आता मामांच्या कॅमेऱ्याकडे येऊ. आधी मागचे झाकण उघडून कडेचा काळा फोम चिकट झाला आहे का ते पाहा, कारण तो झडला की प्रकाश आत शिरतो. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या भिंगांना हा रोग हमखास होतो, आणि पुढे तो होऊ नये म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावा. मग एखादा खराब रोल घेऊन डोळे मिटून तो भरण्याची सवय करा. सिनेमाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या फिल्मच्या डब्यात, फिल्म भरताना काळ्या पिशवीत हात घालून सगळे बोटांनीच करायचे असते. फिल्मची रासायनिक लेप दिलेली बाजू कुठली आणि मागची कुठली, छिद्र दातावर नीट बसले की नाही, हे बोटांना कळावे लागते. गेटच्या, म्हणजे भिंगामागे जिथे फिल्मवर प्रकाश पडतो त्या खिडकीच्या, वर आणि खाली सोडलेला फिल्मचा वळसा लहान राहिला तर कॅमेरा खडखडू लागतो आणि फिल्मवर ओरखडे पडतात. तो आवाज ज्याने ऐकला आहे तो पुढे डिजिटल सेटवरसुद्धा यंत्राच्या आवाजाकडे कान ठेवून असतो.

पहिला रोल टाकताना शटर १/६० वर, म्हणजे प्रत्येक फोटोला सेकंदाचा साठावा भाग प्रकाश मिळेल असे, ठेवा आणि रोल संपेपर्यंत त्याला हात लावू नका. सिनेमाच्या कॅमेऱ्यात शटर ही अर्धी उघडी चकती असते. सेकंदाला २४ चित्रांच्या गतीत प्रत्येक चित्राला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो, आणि हालचाल नैसर्गिक दिसायला हवी असेल तर छायालेखक तो आकडा सहसा बदलत नाही. फोटोग्राफर शटर वेगवान करून सुटतो, ती पळवाट त्याला नसते. १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला कडक उन्हात साधारण १/१२५ आणि एफ-१६ लागते (एफ हा भिंगाच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र लहान). १/६० धरले की एफ-२२ वर जावे लागते, आणि तुमच्या भिंगात कदाचित एफ-१६ च्या पुढे आकडाच नसेल. तिथे तुम्हाला करड्या काचेच्या एनडी फिल्टरची गरज पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळेल. चौथा भाग प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला की दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी) मोकळे होतात आणि एफ-११ वर काम होते. एफ-५.६ किंवा त्याहून मोठे छिद्र हवे असेल, म्हणजे माणूस स्पष्ट आणि मागचा बाजार धूसर हवा असेल, तर आणखी गडद फिल्टर किंवा सावलीची जागा शोधावी लागते. दुपारच्या उन्हात पार्श्वभूमी धूसर दिसली की तिथे कुणीतरी ठरवून खर्च केला आहे हे समजावे.

लाइट मीटर आणि तुमचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरून परतणारा प्रकाश मोजणारा मीटर सगळे जग १८ टक्के करडे आहे असे धरून चालतो. त्याचे ऐकून पांढरी टोपी आणि काळी म्हैस असे दोन फोटो काढले तर दोन्ही करडे येतील. टोपीला दीड-दोन स्टॉप जास्त आणि म्हशीला तेवढेच कमी द्यावे लागते. प्रत्येक फोटोसाठी वहीत मीटरचा आकडा, प्रत्यक्ष दिलेला आकडा आणि फरकाचे कारण एका ओळीत लिहा. निगेटिव्ह जादा प्रकाश बऱ्यापैकी सोसते, कमी प्रकाशात मात्र सावल्यांतला तपशील कायमचा जातो. डिजिटल संवेदकाचे साधारण उलटे असते, तिथे पांढरे जळाले की परत येत नाही. दोन्हीकडची ही विरुद्ध शिस्त माहीत असणे पुढे फार उपयोगी पडते.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते फार कमी शिकवले जाते. १९२० च्या दशकापर्यंत सिनेमासाठी सर्रास वापरली जाणारी कृष्णधवल फिल्म निळा आणि हिरवा प्रकाश पाही, लाल तिला दिसत नसे. निळे आकाश पांढरेफटक येई आणि ओठ काळे पडत. मोबाइलवरच्या संपादनात रंगीत चित्रातला लाल घटक पूर्ण काढून ते कृष्णधवल करून पाहा. कपाळावरचे कुंकू आणि लाल लुगडे काळेकुट्ट दिसेल, गोऱ्या माणसाचा चेहराही सावळा आणि डागाळलेला वाटेल. मूकपटातली जाड रंगभूषा पाहून आपल्याला हसू येते, त्यामागे हे कारणही होते. त्या फिल्मचा एक फायदा असा की, लाल दिव्यात डोळ्यांनी पाहत ती धुता येई. सर्व रंग पाहणारी फिल्म रूढ झाल्यावर प्रयोगशाळेत पूर्ण अंधार आला, आणि नजरेची जागा घड्याळ व तापमापकाने घेतली.

कृष्णधवल रोल शक्य असेल तर स्वतः धुवा. कोडॅकचे डी-७६ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, मुळात १९२० च्या दशकात सिनेमाच्या निगेटिव्हसाठी तयार झाले आणि मग फोटोग्राफरांनी ते आपलेसे केले, तेव्हा त्यातही तुम्ही सिनेमाच्याच वाटेवर असता. पाकिटावरचा वेळ सहसा २० अंशांसाठीचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी ३० अंशांच्या आसपास येते, त्यात वेळ फार कमी होतो आणि फिल्म असमान धुतली जाते. बर्फाचे तुकडे थेट डेव्हलपरमध्ये न टाकता भोवतीच्या टबात टाकावेत आणि धुण्याचे शेवटचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवावे.

प्रकाशाचा सराव खिडकीजवळ करा. एका माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर बसवा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाने तोच फोटो घ्या आणि प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. एका स्टॉपचा फरक म्हणजे दोनास एक, दोन स्टॉपचा म्हणजे चारास एक. मग अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा पुढे-मागे करून तो फरक हवा तसा आणा. छायालेखक सुव्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले असताना वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिवे परतवले, कारण उघड्या अंगणात वरून पडणाऱ्या आकाशाच्या प्रकाशाला धारदार सावली नसते. आज प्रत्येक सेटवर थर्माकोल असतो. पण तो कुठे धरायचा हे सांगता येण्यासाठी खऱ्या अंगणात बसून सावल्यांची कड पाहिलेली असावी लागते.

याच्या उलट टोकाचा प्रयोग आरशाचा आहे. ‘कागज के फूल’ या १९५९ च्या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे वापरून बाहेरचे ऊन स्टुडिओत घेतले आणि प्रकाशाचा जाड झोत उभा केला. घरी एक आरसा अंगणात ठेवून ऊन खोलीत सोडा आणि उदबत्तीचा धूर करा. दोन गोष्टी लगेच लक्षात येतील. झोताच्या उगमाच्या दिशेने पाहिले तर धूर चमकतो, झोताच्या पाठीमागून पाहिले तर जवळजवळ दिसतच नाही, म्हणून कॅमेऱ्याची जागा झोतच ठरवतो. दुसरे म्हणजे, सूर्य चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकतो, त्यामुळे चार मीटरवरच्या भिंतीवर उन्हाचा तुकडाही तेवढ्या वेळात सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. म्हणजे आरशाजवळ एक माणूस सतत हवा, आणि तालमी आरसा लावण्यापूर्वीच संपवायला हव्यात.

चौकटीविषयी लोक आधी तृतीयांशाचा नियम सांगतात, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची. माझ्या अनुभवात तो सुरुवातीला अपायच करतो, कारण विद्यार्थी माणसाला रेघेवर बसवतो आणि उरलेल्या चौकटीकडे पाहणे सोडून देतो. त्याऐवजी जाड पुठ्ठ्यात तीन खिडक्या कापा. उंची प्रत्येकीची १० सेंटिमीटर, रुंदी १३.७, १८.५ आणि २३.९, म्हणजे अनुक्रमे जुना चौकोनाजवळचा पडदा, रुंद पडदा आणि सिनेमास्कोपसारखा फार रुंद पडदा. एक डोळा मिटून त्यातून तोच वाडा, तोच बाजार, तेच दोन माणसांचे बोलणे पाहा. पहिल्या चौकटीत दारातला उभा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत सहज बसतो. तिसरीत तो तसा बसवला तर दोन्ही बाजूंना एवढी जागा उरते की तिचे काय करायचे हे ठरवावेच लागते, आणि चेहरा जवळ घेतला तर कपाळ कापावे लागते. ‘कागज के फूल’ हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातली स्टुडिओची प्रचंड रिकामी दालने पाहताना ही पुठ्ठ्याची तिसरी खिडकी आठवून पाहा.

भिंगाबाबत एकच सराव पुरे. माणसाचे डोके चौकटीत तेवढेच मोठे राहील अशा बेताने आधी लांबून लांब भिंगाने आणि मग जवळून रुंद भिंगाने फोटो काढा. डोके तेच राहते, पाठीमागचे देऊळ मात्र एकदा अंगावर येते आणि एकदा दूर पळते. हा बदल अंतरामुळे होतो, भिंग फक्त डोक्याचा आकार सांभाळते. मोबाइलवर जागेवर उभे राहून झूम करणाऱ्याला हे कधीच कळत नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सिनेमाचे चित्र तुमच्या फोटोपेक्षा लहान असल्यामुळे मामांच्या कॅमेऱ्यावरच्या ५० मिलिमीटर भिंगाइतका दृश्यकोन सिनेमाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावर साधारण ३२ ते ३५ च्या भिंगाला मिळतो. जुन्या छायालेखकांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावे.

मराठी सिनेमाच्या चौकटीला चित्रकारांचा हात लागलेला आहे, हेही विसरू नये. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. परदेशी कॅमेरा परवडेना म्हणून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तो इथेच घडवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार झाले. त्यांचे चित्रपट पाहताना आवाज बंद करा, प्रत्येक शॉट थांबवून पेन्सिलने आगपेटीएवढी चौकट काढा, आणि तीत फक्त काळे-पांढरे भाग भरा, नाक-डोळे काढू नका. त्याआधी फाळके यांचा १९१९ चा ‘कालियामर्दन’ पाहा. माणसे बहुतेक वेळ पूर्ण उंचीने, समोरून, रंगमंचावर असावीत तशी दिसतात. पण सुरुवातीलाच त्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. कॅमेरा कुठे जवळ गेला आणि का, याची नोंद वहीत करा.

कॅमेरा हलवणे शेवटी ठेवा. स्थिर शॉटमध्ये जे सांगता येत नाही ते काय आहे हे लिहिता आले, तरच तो हलवा.

राहिला प्रश्न फिल्मच्या उपयोगाचा. डिजिटल कॅमेऱ्यावर तुम्ही आयुष्यभर काम कराल आणि त्यात कमीपणा काहीही नाही. तरी शिकताना फिल्म किंवा फिल्मची मर्यादा हवी, कारण तिथे शॉट घेण्यापूर्वी निर्णय पुरा करावा लागतो. म्हणून मोबाइलवर काम करतानाही एक नियम पाळा: एका छोट्या गोष्टीसाठी एकूण २ मिनिटे ४६ सेकंद (१६ मिलिमीटरच्या त्या छोट्या रिळेएवढे), एकही शॉट पुसायचा नाही आणि शॉट ज्या क्रमाने घेतले त्याच क्रमाने जोडायचे. सिनेमाचा जुना फिल्म कॅमेरा विकत घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, कारण कच्ची फिल्म आणि धुलाई यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला लवकरच मागे टाकतो. त्यापेक्षा मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या चित्रीकरणावर चौथा-पाचवा सहायक म्हणून उभे राहायला मिळाले तर जा. भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत जे अटेंडंट येतात त्यांच्यातल्या वयस्कर माणसाशी ओळख करून घ्या. त्यांनी फिल्मची मॅगझिने वर्षानुवर्षे भरलेली असतात. दुपारच्या जेवणानंतर सेट निवांत असतो, तेव्हा काळी पिशवी आणि एखादी टाकाऊ रीळ मागून घेऊन ते कसे करायचे हे त्यांना विचारा.